नकोशी इमारत, हवंहवंसं नाव: मॅडिसनची ह्युमॅनिटीज बिल्डिंग आणि जॉर्ज मॉसे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये, विधानभवनापासून निघालेला स्टेट स्ट्रीट जिथे विद्यापीठाला येऊन भिडतो, तिथे डाव्या हाताला करड्या काँक्रीटची एक अवाढव्य इमारत उभी आहे. जमिनीलगत तिरक्या भिंती, वर ओळीने काँक्रीटचे उभे पट्टे, मध्ये चौक, आणि मागे पार्क स्ट्रीट ओलांडून बॅस्कम हिलच्या टेकडीवर नेणारा पादचारी पूल. विद्यार्थी तिला नुसतं ‘ह्युमॅनिटीज’ म्हणतात. पाटीवरचं नाव मात्र ‘जॉर्ज एल. मॉसे ह्युमॅनिटीज बिल्डिंग’. अनेक वर्षं इतिहास, कला आणि संगीत हे तीन विभाग एकाच छपराखाली इथे नांदले.

कॅम्पसवरची सगळ्यात कुरूप इमारत कोणती, असं तिथल्या कुणालाही विचारा. बोट बहुतेक वेळा हिच्याकडेच जातं. आणि सगळ्यात लाडका शिक्षक कोण, असं जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं की ज्यांची नावं हमखास निघतात त्यांत मॉसे असतात. आता ही नावडती इमारत पाडायचं ठरलंय आणि लाडकं नाव तिच्यावरच आहे. हा घोळ झाला कसा, हे समजून घ्यायचं तर आधी इमारत, मग माणूस, आणि मग मधला पैसा, असं तिन्हींकडे बघावं लागतं.

इमारतीवर नाव येण्याचे रस्ते तसे मोजकेच. कुणी पैसे देतं आणि स्वतःचं किंवा घरच्या माणसाचं नाव लावतं. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं, तसं. नाहीतर संस्था एखाद्या मोठ्या माणसाचा मान म्हणून त्याचं नाव देते, तिथे पैशाचा संबंध नसतो. मॉसेंच्या बाबतीत दोन्ही रस्ते एकत्र आले. ते तिथले शिक्षकही होते आणि दातेही. पण इमारत बांधली तेव्हा यातलं काहीच डोळ्यापुढे नव्हतं. पाटीवर मॉसे आले ते त्यांच्या निधनानंतर, म्हणजे इमारत तिशी ओलांडताना.

आधी इमारत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विद्यार्थ्यांचा लोंढा आला. परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि त्यांच्यामागोमाग युद्धानंतर जन्मलेली पिढी कॉलेजच्या वयाची झाली. सरकारी विद्यापीठांना वर्ग हवे होते, भरपूर हवे होते आणि लवकर हवे होते. विस्कॉन्सिनने हे काम शिकागोचे आर्किटेक्ट हॅरी वीझ यांना दिलं. वॉशिंग्टनच्या मेट्रोची कमानदार स्टेशनं पुढे यांनीच केली. तीही उघड्या काँक्रीटची, पण ती लोकांना आवडतात. मॅडिसनचं बांधकाम १९६६ ला सुरू झालं आणि साठचं दशक संपता संपता वर्ग भरू लागले. शेजारचं कलासंग्रहालयही वीझ यांचंच.

शैलीला ब्रुटलिझम म्हणतात. काँक्रीट लपवायचं नाही, गिलावा नाही, रंग नाही, साच्याच्या फळ्यांच्या खुणासुद्धा तशाच ठेवायच्या. इमारत ज्याने उभी आहे तेच डोळ्यांना दिसू द्यायचं. आपल्याकडे चंडीगडची सरकारी भवनं बघितली असतील तर अंदाज येईल. चंडीगडच्या उन्हात या खडबडीत भिंतींवर सावल्या फार देखण्या पडतात. मॅडिसनला मात्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आभाळ बहुतेक करडं, जमीन पांढरी आणि त्यात ही करडी भिंत. चांगल्या कल्पनेला हवामान चुकीचं मिळालं, असं माझं मत. वीझ यांना शिव्या देणाऱ्यांना ते पटणार नाही.

कॅम्पसवर एक दंतकथा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. इमारत मुद्दामच अशी बांधली की विद्यार्थ्यांना दंगा करता येऊ नये. अरुंद जिने, कुठून कुठे जायचं ते कळू न देणारे मार्ग, तिरक्या भिंती, किल्ल्यासारखा तळमजला, सगळं पोलिसांच्या सोयीसाठी. ऐकायला झकास वाटतं, पण वर्षं जुळत नाहीत. आराखडे साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातले. मॅडिसनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं आंदोलन खऱ्या अर्थाने पेटलं ते ऑक्टोबर १९६७ मध्ये. नापाम हे आगबॉम्बमधलं रसायन बनवणारी डाऊ केमिकल ही कंपनी नोकरभरतीला आली, विद्यार्थ्यांनी रस्ता अडवला आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. तोवर या इमारतीचं बांधकाम चालू होतं. मग ऑगस्ट १९७० मध्ये लष्करी संशोधन केंद्र असलेल्या स्टर्लिंग हॉलमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि रात्री काम करत बसलेला एक तरुण संशोधक गेला. अश्रुधुराच्या त्या वर्षांतच नवीकोरी ह्युमॅनिटीज वापरात आली. पुढच्यांनी दोन्हींची सांगड घातली, इतकंच. दंतकथा खोटी म्हणून सोडून देता येते. पण ती लोकांना इतकी खरी का वाटावी, हा प्रश्न उरतोच. तशा प्रश्नांवर मॉसेंनी अर्धं आयुष्य घालवलं. त्याकडे येऊच.

नावडतं असण्याची कारणं नुसती दिसण्यातली नाहीत. छप्पर गळतं, हवा खेळत नाही, हिवाळ्यात एक खोली भट्टी तर शेजारची बर्फ. संगीत विभागाचे हाल सगळ्यात जास्त. लाकडी वाद्यांना हवेतला ओलावा एकसारखा लागतो. तो वरखाली झाला की लाकूड फुगतं-आकसतं, तारांचा ताण बदलतो आणि सोमवारी सुरात लावलेला पियानो शुक्रवारी बेसूर होतो. बिनखिडकीच्या सरावखोलीत तास न् तास बसणाऱ्या विद्यार्थ्याला इमारतीबद्दल प्रेम वाटावं अशी अपेक्षाच चुकीची.

आणि काँक्रीट झडतं. इथे जरा थांबू, कारण ‘काँक्रीट म्हणजे कायमचं’ हा समज आपल्याकडेही पक्का आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. ताजं काँक्रीट रासायनिकदृष्ट्या चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे सळईभोवती एक पातळ संरक्षक थर तयार होतो. तो थर आहे तोवर सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो आणि काँक्रीटचा तो गुणधर्म वर्षागणिक कमी करत जातो. हा बदल सळईपर्यंत पोचला आणि सोबत पाणी असलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आत जागा नसते, मग तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. चाळीस वर्षांच्या सोसायटीच्या बाल्कनीखाली सळया उघड्या पडतात त्याचंही कारण हेच. मॅडिसनमध्ये भर पडते ती बर्फाची. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. भेगेत शिरलेलं पाणी दिवसा वितळतं, रात्री गोठतं आणि दर वेळी भेग थोडी रुंद करतं. तिथल्या एका हिवाळ्यात हे किती वेळा होतं याची मोजदाद कोण करणार! गिलावा नाही, रंग नाही, म्हणजे मध्ये अडवायलाही कुणी नाही. शैलीची शान होती तीच तिची दुखरी बाजू ठरली. त्यात ही रचना स्वस्त इंधनाच्या काळातली. बाहेरची काँक्रीटची भिंत थंडी थेट आत आणते, तिच्यावर दव धरतं, आणि दवामागोमाग बुरशी येते.

आता माणूस.

जॉर्ज मॉसे यांचा जन्म १९१८ चा, बर्लिनचा. आजोबा रुडॉल्फ मॉसे यांनी १८६७ मध्ये जाहिरातींची एजन्सी काढली. वर्तमानपत्रांतली जागा घाऊक विकत घ्यायची आणि जाहिरातदारांना किरकोळ विकायची, हा त्यांचा धंदा. त्यातून पैसा आला आणि त्या पैशातून ‘बर्लिनर टागेब्लाट’ हे वर्तमानपत्र निघालं. उदारमतवादी, लोकशाहीच्या बाजूचं, आणि मालक ज्यू. लायप्झिगर प्लात्झला वाडा, बर्लिनबाहेर शेंकेनडॉर्फला जमीनजुमला, चित्रांचा संग्रह. १९१९ च्या उठावात वर्तमानपत्राच्या कचेरीचं नुकसान झालं तेव्हा वडिलांनी, हान्स लाखमान-मॉसे यांनी, आर्किटेक्ट एरिक मेंडेलसोन यांच्याकडून तिचा कोपरा नव्याने बांधून घेतला. वळणदार, गुळगुळीत, जणू वेगात निघालेला. आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत तो फोटो अजूनही असतो. म्हणजे मॉसे हे नाव एका गाजलेल्या इमारतीवर मॅडिसनच्या कितीतरी आधी लागलेलं होतं.

शिक्षकांना हैराण करणारा हा श्रीमंत घरचा पोरगा शिस्त लागावी म्हणून कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या सालेमच्या निवासी शाळेत पाठवला गेला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. नाझींच्या हिटलिस्टवर हे घराणं अगदी वर होतं, कारण ‘ज्यू वर्तमानपत्रं’ म्हणून ते ज्यांच्या नावाने खडे फोडत त्यांत मॉसेंचं नाव पहिल्या काही नावांत यायचं. पंधरा पूर्ण व्हायच्या आत जॉर्ज सरोवरातल्या बोटीने स्वित्झर्लंडला निघून गेला. धंदा मंदीमुळे आधीच कर्जात रुतलेला होता. नाझींनी तो ताब्यात घेतला, घरदार आणि जमीन गेली, चित्रं १९३४ मध्ये लिलावात विकली गेली. वर्तमानपत्र मात्र त्यांनी लगेच बंद केलं नाही. जगाला दाखवायला एक सभ्य चेहरा म्हणून ते १९३९ पर्यंत चालवलं. आतला जीव काढून घेऊन नाव तेवढं ठेवायचं, हा प्रकार मला सरळ जप्तीपेक्षा जास्त घाण वाटतो.

मुलगा इंग्लंडला यॉर्कला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत, मग केंब्रिजला. १९३९ मध्ये अमेरिका. हॅवरफर्डची पदवी, हार्वर्डची डॉक्टरेट, आयोवाला अध्यापन आणि १९५५ पासून विस्कॉन्सिन. गंमत म्हणजे सुरुवातीला विषय जर्मनी नव्हताच. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्लंड, तिथली राज्यघटना, धर्मसुधारणा. जे अंगावर आलं होतं त्याकडे वळायला वीसेक वर्षं लागली. १९६४ मध्ये नाझी विचारांच्या मुळांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि मग ते थांबलेच नाहीत. १९६६ मध्ये वॉल्टर लाकर यांच्यासोबत समकालीन इतिहासाचं एक नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं.

त्यांचं म्हणणं नेमकं काय होतं? त्या काळात नाझीवादाची दोन सोपी उत्तरं रूढ होती. एक, काही माथेफिरूंनी भोळ्या जनतेला फसवलं. दोन, हा सगळा भांडवलदारांचा डाव, बाकी भाषणं म्हणजे वरची सजावट. मॉसे म्हणाले, सजावट म्हणून जे बाजूला टाकता तेच आधी बघा. झेंडे, मशालींच्या मिरवणुका, समूहगीतं, व्यायामशाळांचे मेळावे, हुतात्म्यांची स्मारकं. लोक तिथे ओढून आणलेले नव्हते, हौसेने येत होते. आणि हे हिटलरने शोधलेलं नव्हतं. नेपोलियनविरुद्धच्या लढायांपासून शंभर वर्षं जर्मनीत राष्ट्राची पूजा हळूहळू बांधली जात होती. धर्मातले विधी उचलायचे आणि देवाच्या जागी राष्ट्र बसवायचं, असं तिचं स्वरूप होतं.

एक उदाहरण घेऊ. लायप्झिगला १८१३ मध्ये नेपोलियन हरला. त्या लढाईच्या शताब्दीला, १९१३ मध्ये, तिथे ९१ मीटर उंचीचं स्मारक उभं राहिलं. आत राक्षसी आकाराचे दगडी योद्धे, माना खाली घालून उभे. नेहमीचा इतिहासकार विचारेल, खर्च किती आला, कोणत्या राजाने उद्घाटन केलं. मॉसे विचारायचे, इथे उभा राहिलेला माणूस स्वतःला केवढा समजत असेल? समोर मैदान कशासाठी मोकळं ठेवलंय? तिथे हजारो माणसं एका सुरात गाऊ लागली की प्रत्येकाला काय वाटत असेल? त्या एका तासापुरता तो कारकून किंवा दुकानदार राहत नाही, इतिहासाचा भाग होतो. ही भूक आधीची होती, आणि नाझींना ती भागवता आली. संसदेतल्या चर्चेला ते जमत नव्हतं.

पुढे त्यांनी याच रीतीने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मशानभूमींकडे पाहिलं. एकसारखे क्रूस, ओळीतली झाडं, स्वच्छ हिरवळ. चिखल, उवा, तुटलेले हातपाय यांचा मागमूस नाही. मरण असं नीटनेटकं केलं की पुढच्या युद्धाला तरुण मिळतात. दुसरीकडे पोस्टकार्डं, खेळण्यातले शिपाई, राखदाण्या, यांतून युद्ध घरगुती आणि गमतीचं होऊन जातं. १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्रवाद आणि मध्यमवर्गीय सभ्यता यांचं नातं मांडलं. ‘खरा पुरुष’ कोण हे ठरवलं की जो त्या साच्यात बसत नाही तो परका होतो, ज्यू असो वा समलिंगी. मॉसे स्वतः दोन्ही होते. दुसरी गोष्ट त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धातच उघडपणे सांगितली. पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या अमेरिकेत प्राध्यापकाने ती सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं.

टीकाही झाली, आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. बेकारी, चलनवाढ, कारखानदारांचे हिशेब मॉसेंच्या पुस्तकांत फार कमी येतात. नुसत्या मिरवणुकांनी हिटलर आला नाही. पण आज कुणीही इतिहासकार झेंड्यांना आणि स्मारकांना ‘वरवरचं’ म्हणून बाजूला सारत नाही, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

वर्गात म्हणे त्यांचा आवाज खणखणीत आणि उच्चार शेवटपर्यंत जर्मन वळणाचे. त्यांच्या व्याख्यानांची जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर आहेत, ऐकून बघा. आंदोलनाच्या वर्षांत डावे विद्यार्थी त्यांच्या वर्गात गर्दी करायचे आणि ते त्यांनाही सोडत नसत. तुमच्या घोषणा, तुमचे मोर्चे, तुमची सामूहिक भारलेली अवस्था, मी हे सगळं लहानपणी पाहिलंय, अशा सुरात. विद्यार्थ्यांबद्दल आस्था होती, पण गर्दीबद्दलचा संशय कधी गेला नाही. ‘दंगारोधक इमारती’ची दंतकथा त्यांच्या पद्धतीने वाचली तर ती इमारतीबद्दल काही सांगत नाही, सांगणाऱ्यांबद्दल सांगते. लाठ्या खाल्लेल्या पिढीला विद्यापीठच आपल्या विरुद्ध आहे असं वाटत होतं, आणि त्या वाटण्याला ठोस रूप हवं होतं. समोर सात मजली काँक्रीट तयारच होतं.

राहिला पैसा, आणि हा भाग बहुतेकांना माहीत नसतो.

नाझींनी लुटलेली मालमत्ता परत करायचे कायदे पश्चिम जर्मनीत दोस्त राष्ट्रांच्या आग्रहाने युद्धानंतर लवकरच झाले. पूर्व जर्मनीने मात्र तसं काही केलं नाही. तिथलं म्हणणं असं की आमचं राज्य नवं आहे, नाझींच्या पापाचे वारस आम्ही नाही. आणि खासगी मालमत्ता तशीही सरकारजमा होत होती. मॉसेंचा लायप्झिगर प्लात्झ, वर्तमानपत्राची कचेरी, शेंकेनडॉर्फ हे सगळं पूर्वेकडे पडलं. म्हणजे दावा होता, पण तो दाखल करायला खिडकीच नव्हती. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. १९९० मध्ये एकीकरणाच्या सुमारास कायदा झाला आणि पूर्वेकडच्या भागासाठीही ही खिडकी उघडली. त्यातली महत्त्वाची तरतूद अशी: १९३३ ते १९४५ या काळात छळ झालेल्या माणसाने मालमत्ता ‘विकली’ असा कागद असला तरी तो व्यवहार दडपणाखाली झाला असंच गृहीत धरायचं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. हे नसतं तर निम्मे दावे पहिल्याच तारखेला उडाले असते, कारण लुटारूंनी कागदपत्रं फार व्यवस्थित ठेवली होती.

मध्यंतरी भिंतीलगतच्या त्या जागांना भाव आला होता. सत्तरी ओलांडलेला इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक एकाएकी श्रीमंत झाला. जानेवारी १९९९ मध्ये मॉसे वारले तेव्हा संपत्तीचा मोठा हिस्सा त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाला ठेवला होता. त्यातून इतिहासाचा मॉसे उपक्रम उभा राहिला. मॅडिसन आणि जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ, जिथे ते अनेक वर्षं शिकवायला जात, यांच्यात विद्यार्थी आणि शिक्षकांची ये-जा त्यातून चालते. पाटी लागली ती या पार्श्वभूमीवर. बर्लिनमध्ये हिसकावलेली जमीन, तिच्या भरपाईतून मॅडिसनमध्ये शिष्यवृत्त्या, आणि दात्याचं नाव अशा इमारतीवर जी बांधताना त्याचा एक पैसाही लागलेला नव्हता.

ही इमारत पाडण्याची चर्चा त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू झाली. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या तोडीस जातो, हा विद्यापीठाचा मुद्दा. तिन्ही विभागांना दुसरी जागा दिल्याशिवाय हात लावता येत नाही, म्हणून हे वर्षानुवर्षं रेंगाळलं. संगीत विभागाला २०१९ मध्ये हॅमेल म्युझिक सेंटर मिळालं, निदान मैफिलींपुरतं. इतिहास आणि इतर मानव्यविद्यांसाठी पार्क स्ट्रीटवरच नवी इमारत बांधायला घेतली, २०२६ मध्ये वापरात आणायच्या बेताने. तिला नाव अर्थातच नव्या देणगीदारांच्या घरातलं आहे, अर्विंग अँड डोरोथी लेव्ही हॉल. कला विभागाची सोय लागली की मग जुनीचा नंबर.

वास्तुकलेची काही मंडळी हळहळतात. वीझ यांचं महत्त्वाचं काम जातंय, ब्रुटलिझमची आज कदर होत नाही पण पन्नास वर्षांनी होईल, व्हिक्टोरियन इमारतींनाही एकेकाळी कुणी विचारत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण त्या सरावखोल्यांत चार वर्षं काढलेल्या माणसासमोर तो मांडायची हिंमत माझ्यात नाही.

नावाचं काय होणार, ही काळजी करायचं कारण नाही. विद्यापीठाचं ज्यू अभ्यासकेंद्र मॉसे आणि वाइनस्टाइन या जोडनावाने चालतं, अमेरिकन इतिहास परिषद दर वर्षी मॉसेंच्या नावाचा पुरस्कार देते आणि बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात १९९७ पासून मॉसे व्याख्यानं होतात. मेंडेलसोनचा तो वळणदार कोपराही युद्धातल्या पडझडीनंतर नव्वदच्या दशकात पुन्हा उभा केला गेला. त्याला आज मॉसे सेंटर म्हणतात आणि आत भाड्याने दिलेल्या कचेऱ्या आहेत.